नाटकाचं म्युझिक ऑपरेट करायला घडीचा डीजे हेडफोन: आठ दिवस वापरला, घेऊ का?

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ११:५०

गेली चार वर्षं मी पुण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकांचं म्युझिक ऑपरेट करते. लॅपटॉप आणि छोटा मिक्सर घेऊन बसायचं, संहितेत खुणा करायच्या आणि नटाच्या शेवटच्या शब्दावर नेमका आवाज सोडायचा, हे माझं काम. एक कान सतत रंगमंचाकडे असतो. दुसऱ्या कानाने पुढचा तुकडा जागेवर आहे ना, लेव्हल बरोबर आहे ना, हे आधी ऐकून घ्यावं लागतं. आजवर मोबाईलबरोबर आलेल्या इअरफोनची एक बाजू कानात खुपसून भागवलं. पण तो घामाने निसटतो, आणि अंधारात डावा कुठला, उजवा कुठला हे चाचपडावं लागतं.

आमच्या ग्रुपमधला एक दादा नोकरीसाठी बंगळूरला चाललाय. तो पूर्वी गॅदरिंगला गाणी वाजवायचा. त्याचा घडीचा डीजे हेडफोन त्याने मला वापरून बघायला दिलाय. आवडला तर १,८०० रुपये दे, नाहीतर रविवारी निघायच्या आत परत कर, म्हणाला. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि नवीन कुणाला ते मिळणार नाही, म्हणून नाव देत नाही. कसा आहे ते सांगते.

कानावर टेकणारा आहे, म्हणजे अख्खा कान वाटीत जात नाही. मागून बंद. खोक्यावर ३२ ओहम (विजेला होणारा रोध) आणि एका मिलिवॅटला १०० डेसिबल (तेवढ्या विजेत किती मोठा आवाज) असं छापलंय. केबल काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर १६८ ग्रॅम भरला. दोन्ही वाट्या आत दुमडतात आणि सगळं मुठीपेक्षा थोडं मोठं होतं. माझ्या पोळ्यांच्या डब्यात तो मावतो, आणि मी तो डब्यातच नेते. स्कूटरवर सॅकमध्ये लॅपटॉप, मिक्सर, वायरींचं भेंडोळं, संहिता एवढं असतं. त्यात मोठा हेडफोन कोंबला तर काही ना काही मोडतंच. स्टीलच्या डब्यात निर्धास्त राहतो. मला पहिल्यांदा आवडली ती हीच गोष्ट.

दुसरी म्हणजे उजवी वाटी मागे फिरते. डावी कानावर, उजवी मागे वळवलेली, उजवा कान मोकळा. असं तीन तालमींत बसले. मान दुखली नाही. दीड तासानंतर कानाची पाळी मात्र दुखायला लागली. कानातलं घातलं असेल तर मागची फिरकी मानेत टोचते, म्हणून आता तालमीला कानातलं काढून जाते.

आता अडचणी. एक, मिक्सरला लावला की खालचा आवाज फुगतो. मोबाईलला लावला तर तोच तुकडा बऱ्यापैकी सरळ वाटतो. दोन, उजव्या बिजागरीतून वाटी फिरवताना ‘कट्’ असा आवाज येतो. तीन, गाद्यांवरचं काळं आवरण सुटायला लागलंय, तालमीनंतर गालावर बारीक काळे पापुद्रे सापडतात. चार, मोठ्या जॅकचं पितळी टोक आट्यांवर बसतं, ते सैल झालं की खरखर होते.

शिवाय परवा तालमीत एक घोळ झाला. टेलिफोनवरच्या बाईचा आवाज वाजवायचा होता. आधी डाव्या कानात ऐकला तर काहीच नाही. फाईल कोरी आहे असं वाटून मी घाईने दुसरी कॉपी उघडली, तीही कोरी! तेवढ्यात नट वाक्य संपवून फोनकडे बघत उभा. नंतर कळलं की रेकॉर्ड करणाऱ्याने तो आवाज फक्त उजव्या बाजूला ठेवला होता. तो नट एकोणीस वर्षांचा आहे आणि पहिल्यांदाच मोठी भूमिका करतोय. माझ्यामुळे तो तसा उभा राहिला याचं मला फार वाईट वाटलं. प्रयोगात हे होऊन चालणार नाही.

तर घेऊ का? आणि घ्यायच्या आधी आणखी काय तपासू?

---

तबकडी_आणि_सुई | बुधवार, सकाळी ७:१५

ताई, वीस वर्षं लग्नं, रिसेप्शन आणि कंपन्यांच्या पार्ट्यांत वाजवतोय, म्हणून लिहितो.

डीजेचा हेडफोन हा मुळात गाणं ऐकायचा हेडफोन नाही. पुढचं गाणं चालू गाण्याच्या ठेक्यावर बसवायला तो लागतो. समोर सब-वूफर धडधडत असताना पुढच्या गाण्याचा किक ड्रम कानात वेगळा कळला पाहिजे, म्हणून बहुतेक कंपन्या खालचा आवाज मुद्दाम उचलून ठेवतात. नाटकातल्या पावसाचा किंवा पावलांचा तुकडा त्यावर ऐकून ‘खालचं जास्त झालं’ म्हणून कमी केलात, तर सभागृहात तो पोकळ वाजेल. या हेडफोनवर फक्त ‘आहे का, कुठे आहे, किती लांब आहे’ एवढं ठरवा. आवाजाचा पोत सभागृहाच्या स्पीकरवरच ठरवा.

एका कानाने ऐकायची सवय आमच्या धंद्यात इतकी जुनी आहे की त्यासाठीच एक हेडफोन जगभर टिकून राहिलाय. सेनहायझरचा एचडी २५. १९८८ सालचा, केबल सोडून १४० ग्रॅम, ७० ओहम. पट्टी दुभंगते, एक वाटी फिरते, आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. मी दोनदा केबल आणि तीनदा गाद्या बदलल्यात, सांगाडा तोच. पण त्याची अशी घडी होत नाही. घडीच्या हेडफोनमध्ये हाच सौदा असतो. जितक्या बिजागऱ्या, तितक्या मोडायच्या जागा.

तुमचा ‘कट्’ नीट तपासा. मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) गाणं चालू ठेवा, हेडफोन डोक्यावर नको, हातात धरा, आणि उजवी वाटी वीसेक वेळा हळूहळू फिरवा, दुमडा, उघडा. आवाज तुटला, खरखरला किंवा उजवीकडचा मंद झाला तर आतली तार बिजागरीत घासतेय. तसं असेल तर १,८०० देऊ नका. आवाज अखंड राहिला तर तो ‘कट्’ नुसत्या प्लास्टिकच्या खाचेचा आहे.

आणि वाटीला धरून कधी उचलू नका. पट्टीला धरा.

---

रोधक | बुधवार, सकाळी ९:४०

मिक्सरवर खालचा आवाज का फुगतो ते सांगतो, कारण दोष हेडफोनचा एकट्याचा नाही.

३२ ओहम हा आकडा साधारण १,००० हर्ट्झच्या आसपासचा. हेडफोनचा पडदा ज्या कंपनसंख्येला आपसूक जास्त हलतो, तिथे म्हणजे बहुधा खालच्या सुरांत हा रोध वाढतो. समजा तिथे तो ६० ओहम झाला. मोबाईलच्या हेडफोन आउटचा स्वतःचा रोध फार कमी असतो, त्यामुळे फरक पडत नाही. पण छोट्या मिक्सरच्या आउटमध्ये बऱ्याचदा दोन आकडी ओहमचा रोध लावलेला असतो. तो ४७ ओहम धरला तर व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. ३२ ओहमच्या जागी हेडफोनच्या वाट्याला ४० टक्के येतं, ६० ओहमच्या जागी ५६ टक्के. म्हणजे खालचा सूर जवळपास ३ डेसिबलने वर. हे तुमच्या कानाला बरोबर कळलं. ७० ओहमच्या हेडफोनला हाच त्रास कमी होतो.

ओहम जास्त म्हणजे आवाज कमी, असा एक समज असतो, तोही इथेच काढून टाकतो. तुमचा ३२ ओहमचा हेडफोन मिलिवॅटला १०० डेसिबल देतो, म्हणजे १ व्होल्टला सुमारे ११५. वर उल्लेख झालेला एचडी २५ सत्तर ओहमचा असून १ व्होल्टला १२० डेसिबल देतो. विकत घेताना नुसता ओहमचा आकडा बघून काही ठरवू नये. संवेदनशीलता मिलिवॅटला दिली आहे की व्होल्टला, तेही बघावं, नाहीतर दोन खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

टेलिफोनच्या घोळावर उपाय सोपा आहे. एका कानाने ऐकणाऱ्याने मोनोच ऐकावं. विंडोज आणि मॅक दोन्हींत सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं. फक्त ते चालू केलंत तर सभागृहात जाणारा आवाजही मोनो होईल, हे लक्षात ठेवा. मिक्सरवरून ऐकत असाल तर पीएफएलचं बटण वापरा, म्हणजे सभागृहात सोडायच्या आधी तो एकच चॅनल फक्त हेडफोनवर ऐकायचं बटण. छोट्या मिक्सरवर ते बहुधा मोनोच असतं. एकदा एक तुकडा पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवून पडताळा घ्या.

---

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी १:०५

तबकडी दादा, वीस वेळा नाही, पन्नास वेळा फिरवली. आवाज एकदाही तुटला नाही. ‘कट्’ खाचेचाच आहे.

रोधक, पीएफएल मी लेव्हल बघायला वापरायचे, ऐकायला मास्टरच, म्हणजे सभागृहात जाणारा एकत्र आवाजच लावायचे. चार वर्षं! आज लंचमध्ये मिक्सर उघडून बसले. उजवीकडे ठेवलेला टेलिफोन पीएफएलवर दोन्ही वाट्यांत स्वच्छ आला. खूप आभार.

---

खर्जातला_सा | बुधवार, दुपारी ४:२०

बाळा, मी गाते आणि शिकवते, त्यामुळे माझी गरज अगदी उलटी आहे. पण हा धागा वाचून कुणी रियाजासाठी असा हेडफोन घेईल, म्हणून लिहितेय. माझ्या एका विद्यार्थ्याने तशीच चूक केली.

त्याने घडीचा डीजे हेडफोन घेतला आणि तानपुऱ्याचं ॲप लावून त्यावर गळा लावायला लागला. दोन महिन्यांत त्याचा सा सतत किंचित खाली यायला लागला. मी तो हेडफोन कानाला लावून बघितला तर खर्जाची तार इतकी घुमत होती की जवारीतून वर उमटणारे बारीक स्वर, ज्यांच्यावर आपण खरं तर सूर टेकवतो, ते त्या घुमण्याखाली दबले होते. शिवाय मागून बंद असल्याने स्वतःचा गळाही त्याला डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येत होता. तो काढून टाकल्यावर पंधरा दिवसांत सूर जागेवर आला.

हलका आणि घडीचा हवा असेल तर डीजेचाच घ्यावा लागतो असं नाही. माझ्याकडे कॉसचा पोर्टा प्रो आहे. १९८४ पासून बनतोय, ६० ओहम, घडी होते, मागून उघडा. त्यावर तानपुरा मोकळा ऐकू येतो. मात्र त्यातून आवाज बाहेरही तितकाच जातो, त्यामुळे तुझ्या कामाला तो उपयोगाचा नाही. नाटकात कुणी हळू बोलत असताना मागून चिकचिक ऐकू आली तर प्रेक्षकाचं मन उडतं.

---

प्रॉम्प्टर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मी थोडं वेगळं म्हणेन. १,८०० रुपये, त्यावर गाद्यांचे तीन-चारशे, जॅकचं टोक वेगळं. पापुद्रे सुटलेल्या, बंद पडलेल्या मॉडेलवर एवढे घालण्यापेक्षा थोडं थांबून सोनीचा एमडीआर-७५०६ घे. १९९१ चा आहे, रेकॉर्डिंग स्टुडिओत आणि शूटिंगवर ठिकठिकाणी दिसतो, तोही आत दुमडतो. पूर्ण कान झाकतो, त्यामुळे पाळी दुखणार नाही. वजन २३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार नाही. आणि त्यावर आवाजाचा पोतही कळतो, ‘फक्त आहे का बघा’ असं म्हणावं लागत नाही. नाटकात पोत महत्त्वाचा नाही का? साऊंड म्हणजे नुसतं वेळेवर बटण दाबणं नाही.

---

तिसरी_घंटा | बुधवार, रात्री १०:४५

नाही, नुसतं बटण दाबणं नक्कीच नाही. म्हणूनच दोन कामं वेगळी ठेवायची आहेत. तुकडे तयार करताना मी मैत्रिणीकडे तिच्या स्पीकरवर बसते. प्रयोगात मला रंगमंच ऐकायचा असतो. नटाने आज एक श्वास जास्त घेतला, प्रेक्षक अनपेक्षित जागी हसले, तर क्यू, म्हणजे आवाज सोडायची जागा, तेवढा पुढे सरकतो. पूर्ण झाकणारी वाटी मी कॉलेजच्या स्टुडिओतल्या हेडफोनवर वापरून बघितलीय. ती कानामागे ढकलली की सारखी परत घसरते आणि रंगमंच ऐकू येईनासा होतो. फिरणारी, लहान वाटी त्यासाठी जास्त कामाची आहे, हे आता मला नीट कळलंय.

पैशांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. दादाला तसं बोलते.

---

कर्णपटल | गुरुवार, सकाळी ८:००

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. वर कुणी हा विषय काढला नाही म्हणून लिहिते.

दोन्ही कानांनी ऐकतो तेव्हा मेंदू दोन्हीकडची बेरीज करतो. एकाच कानाने तोच आवाज तितकाच मोठा वाटायला साधारण ३ ते ६ डेसिबल जास्त लागतात. म्हणजे एका कानाने ऐकणारा माणूस नकळत व्हॉल्यूम वाढवतोच. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला फक्त १५ मिनिटं. तुमचा हेडफोन १ व्होल्टला ११५ पर्यंत जातो असं रोधक यांनी लिहिलंय, म्हणजे वरची बाजू किती मोकळी आहे ते बघा.

नाटकात सभागृह शांत असतं, त्यामुळे तुम्हाला मोठ्याने ऐकायची गरजच नाही. नेहमीच्या लेव्हलवर मिक्सरच्या हेडफोनच्या नॉबला पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा आणि अंधारात त्याच्या पुढे जाऊ नका. प्लग लावायच्या आधी नॉब शून्यावर आणा. मिरवणुकीत, गणपतीत ढोल-ताशाजवळ उभ्या राहून आलेल्या दिवशी तालमीला कान बधिर वाटतील. त्या दिवशी तुमच्या कानाने ठरवलेली लेव्हल चुकीची असेल, दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा.

तबकडी_आणि_सुई, तुम्ही वीस वर्षं नेहमी एकच कान वापरत असाल तर एकदा तपासणी करून घ्या. मनापासून सांगतेय.

---

तबकडी_आणि_सुई | गुरुवार, सकाळी ९:१०

डावाच वापरतो. नेहमी डावाच. पुढच्या आठवड्यात जाऊन येतो, डॉक्टर. घरचे दोन वर्षं सांगतायत की टीव्ही मोठा लावतो म्हणून.

---

पाऊसवेळ | गुरुवार, दुपारी १२:३०

मध्येच विचारतो, आजकाल वायरलेस घडीचे डीजे-स्टाईल हेडफोन स्वस्त झालेत. केबलची कटकट नको असेल तर तो का नको?

---

रोधक | गुरुवार, दुपारी २:१५

उशीर होतो म्हणून. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका मागे. गाण्यावर गाणं बसवणाऱ्याला ते अशक्यच. नाटकातही तुम्ही ज्या जागी ‘थांब’ म्हणून बोट दाबाल, तो तुकडा प्रत्यक्षात पुढे गेलेला असेल. बसमध्ये गाणी ऐकायला खुशाल घ्या.

---

डाग_आणि_कथील | गुरुवार, रात्री ९:००

माझं दुरुस्तीचं काम आहे, बुधवार पेठेत. रोज असे चार-पाच हेडफोन येतात.

गाद्यांवरचं आवरण चामडं नसून कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला ओलावा आणि घाम त्याला आतून सोडवतो. वापरला नाही, नुसता कपाटात ठेवला, तरी पुण्याचे दोन-तीन पावसाळे त्याला पुरतात. त्यामुळे पापुद्रे सुटलेत म्हणून हेडफोन वाईट समजू नका. गादीचा व्यास पट्टीने मोजा, मॉडेलच्या नावावर जाऊ नका. इथल्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, मापाच्या गाद्या मिळून जातात. घेताना कापडी आवरणाची बघा. कमी घाम येतो, सोलपटत नाही. मात्र कापडातून बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो आणि आतला थोडा जास्त बाहेर जातो.

कानाची पाळी दुखते त्यावर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवायचा उपाय लोक सांगतात. पट्टीत स्टीलची पात असेल तरच करा. नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीला सकाळी तडा गेलेला मी कितीतरी वेळा बघितलाय. घडीच्या हेडफोनमध्ये पट्टी जिथे बिजागरीला मिळते त्या जागी बॅटरी लावून बघा. केसासारखी पांढरी रेघ दिसली तर घेऊ नका. ती रेघ वाढत जाते, चिकटवून थांबत नाही.

जॅकच्या आट्या साफ करा, कापसाचा बोळा आणि स्पिरिट पुरे. तरीही सैल राहिलं तर नवीन टोक घ्या, जुन्याला टेप गुंडाळू नका.

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री १२:२०

आज रनथ्रू होता, सदाशिव पेठेतल्या एका छोट्या तालीम हॉलमध्ये. सगळं एकेक करून तपासलं.

पट्टीत स्टीलची पात आहे. बॅटरी लावून दोन्ही बिजागऱ्या बघितल्या, रेघ नाही. गुलाबी नॉइज (खालपासून वरपर्यंत सगळे सूर असलेली एकसारखी खरखर) लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघितलं. थोडा डावीकडे झुकतोय असं वाटलं, मग हेडफोन उलटा घातला. झुकाव तरी डावीकडेच राहिला. म्हणजे हेडफोन बरोबर आहे, माझे दोन कान सारखे नाहीत. कर्णपटल ताई, मीही तपासणीला येते.

मग खर्जातला_सा यांच्या सांगण्यावरून चिकचिक बाहेर जाते का ते बघितलं. आमच्या नाटकात एक जागा आहे, आई मुलाचं पत्र मनात वाचते. दीड मिनिट काही बोलणं नाही, संगीत नाही. पुढचा क्यू मला त्याच दीड मिनिटात ऐकून घ्यावा लागतो. एका मित्राला माझ्या दोन रांगा पुढे बसवलं आणि आवाज आला की हात वर कर म्हटलं. त्याने लगेच हात वर केला.

मी घाबरले. नॉब खुणेवर होता. डावी वाटी कानाला घट्ट होती. मग लक्षात आलं की आवाज डाव्या वाटीतून येतच नाहीये. मागे वळवलेली उजवी वाटी तोंड बाहेर करून वाजतेय! जिला मी गुण समजत होते ती फिरणारी वाटी शांत सभागृहात एक छोटा स्पीकर होऊन बसते. मांडवात, हॉलमध्ये, जिथे हा हेडफोन वापरायचा म्हणून बनवलाय, तिथे कुणाला ते कधी ऐकूच येणार नाही. वाटी तळहाताने झाकली तेव्हा मित्राचा हात खाली आला.

पण दीड मिनिट हात वाटीवर ठेवला तर फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कोण हलवणार? आणि ‘कट्’ही त्याला ऐकू आला, अगदी स्पष्ट. त्यावर मात्र उपाय सोपा आहे. तिसऱ्या घंटेच्या आधीच वाटी वळवून ठेवायची, पडदा पडेपर्यंत हात लावायचा नाही.

वाटीचं काय करू? उद्या दुपारी दादाची गाडी आहे.

---

डाग_आणि_कथील | रविवार, सकाळी ६:४५

केबल सुटी निघते म्हणालात ना? मग झालं. वाटीला हात लावायचा नाही, केबल वेगळी करायची. प्लगमध्ये तीन जागा असतात: टोक डावीकडचं, मधली कडी उजवीकडची, मागचा भाग दोघांचा सामाईक. साध्या केबलला नवीन प्लग लावायचा आणि मधल्या कडीला तार जोडायचीच नाही. उजव्या वाटीला सिग्नल पोचणार नाही, ती गप्प राहील. तुम्ही पीएफएलवर मोनो ऐकता, त्यामुळे डावीकडे सगळं येईल, काही हरवणार नाही. मूळ केबल जपून ठेवा, घरी दोन्ही कानांनी ऐकायला.

---

तबकडी_आणि_सुई | रविवार, सकाळी ७:३०

हे आमच्याकडे कुणाला कधी सुचलंच नसतं, गरजच पडत नाही. फक्त एक करा ताई, त्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप लावा. अंधारात चुकून ती घेऊन कुणी दुसरं काम करायला बसला तर अर्धा आवाज शोधत बसेल.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ११:१५

दादाशी बोलले. गाद्या आणि जॅकच्या टोकाचा खर्च वजा करून १,३०० घेतले त्याने. स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा मी त्याला टेलिफोनवाला आणि वाटीवाला, दोन्ही प्रसंग सांगितले. त्याने हा हेडफोन सहा वर्षं वापरला आणि वळवलेली वाटी एवढी वाजते हे त्याला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी मैत्रिणीकडे बसून केबल केली. डाग मीच दिला, पहिला कच्चा बसला, दुसरा चांगला चकाकला. लाल टेप लावली. मग त्याच मित्राला घरी बोलावलं, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, वाटी वळवली आणि पत्राच्या जागेचा पुढचा क्यू लावला. तो माझ्यापासून चार फुटांवर बसला होता.

हात वर केला नाही. शेवटी त्यानेच विचारलं, “लावलंस का?”

---

खर्जातला_सा | सोमवार, सकाळी ६:१०

प्रयोग कधी आहे आणि कुठे, ते इथे लिही. मी मागच्या रांगेत बसेन.